‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अख्खा अल्बम नीट कसा ऐकायचा

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं माहीत नाही असा गिटार शिकणारा पोरगा किंवा पोरगी पुण्यामुंबईत शोधून सापडायची नाही, पण त्याच नावाचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकलेली माणसं फार कमी भेटतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कारण पहिलं गाणं जे काही मांडून ठेवतं ना, त्याचं उत्तर नवव्या गाण्यात आहे, आणि मधली सात गाणी गाळली तर ते उत्तर नुसतं एक लांबलचक संथ गाणं वाटतं. म्हणून हे लिहितोय. घाई नसलेली एक संध्याकाळ काढा, पाऊण तास पुरतो.

आधी खपाचं बोलून घेऊ कारण त्यात लोकांचा गोंधळ होतो. ईगल्सची सगळ्यात जास्त विकली गेलेली रेकॉर्ड म्हणजे १९७१ ते १९७५ मधल्या हिट गाण्यांचा संग्रह, तो फेब्रुवारी १९७६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेनं त्याला ३८ वेळा प्लॅटिनम ठरवलं. एक प्लॅटिनम म्हणजे १० लाख प्रतींचा खप. पण तो झाला संग्रह, जुनी गाणी एकत्र केलेली. बँडनं स्टुडिओत बसून, एक अल्बम म्हणून घडवलेल्यांपैकी सगळ्यात जास्त खपलेला म्हणजे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, त्याच वेळी त्याला २६ वेळा प्लॅटिनम मिळालं, म्हणजे स्ट्रीमिंग वगैरे धरून २ कोटी ६० लाख आणि ते फक्त अमेरिकेत. तो आला ८ डिसेंबर १९७६ ला, असायलम रेकॉर्ड्सकडून, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या चार्टवर एकूण ८ आठवडे एक नंबरला होता. त्यातली ‘न्यू किड इन टाउन’ आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ही दोन्ही सिंगल्स एक नंबरला गेली.

आता कुठली आवृत्ती लावायची. हे महत्त्वाचं आहे कारण ॲपवर नाव टाकलं की आठ-दहा गोष्टी समोर येतात आणि बऱ्याच जणांना जी आठवते ती १९९४ ची, सगळे स्टुलावर बसून वाजवतात ती, सुरुवातीला नायलॉनच्या तारांची लांब गिटार आहे ती. ती फार सुंदर आहे, मला अतिशय आवडते, पण ती नंतर ऐका. तुम्हाला हवाय १९७६ चा स्टुडिओ अल्बम, नऊ ट्रॅकचा, एकूण साधारण ४३ मिनिटांचा. २०१७ ची चाळिसाव्या वर्षाची डिलक्स आवृत्ती लागली तरी चालेल, फक्त त्यात पुढे लॉस एंजेलिसच्या फोरममधल्या १९७६ च्या कार्यक्रमाची लाइव्ह गाणी जोडलेली आहेत, तर नवव्या ट्रॅकनंतर थांबवा. शफल बंद करा. क्रॉसफेड म्हणून एक सेटिंग असतं, एक गाणं संपताना दुसरं हळूच त्यात मिसळतं ते, तेही बंद करा. फोनचा स्पीकर नको, हेडफोन घ्या, साधे असले तरी चालतील पण दोन्ही कान चालू हवेत कारण यात डावं-उजवं फार विचारानं वाटलेलं आहे.

आणि चौथ्या गाण्यानंतर दोन मिनिटं थांबायचं. मूळ एलपीची पहिली बाजू तिथे संपते. माणूस उठायचा, रेकॉर्ड उलटायचा, पुन्हा बसायचा, आणि बँडनं गाण्यांचा क्रम तो थांबा धरूनच लावलाय. पाणी पिऊन या.

ऐकण्याआधी थोडी तयारी केली तर मजा दुप्पट होते. ईगल्स हा मुळात कंट्री रॉक बँड, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यातलं कंट्री संगीत आणि रॉक एकत्र करणारा, १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला जमलेला, लिंडा रॉनस्टॅटच्या मागे वाजवणाऱ्या पोरांमधून तयार झालेला. ग्लेन फ्राय, डॉन हेन्ली, रँडी माइझनर आणि बर्नी लेडन. माइझनर पोको बँडमधून आलेला, लेडन फ्लाइंग बरीटो ब्रदर्समधून, आणि हे दोन्ही बँड म्हणजे रॉकच्या ठेक्यावर बँजो, पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, सूर घसरत नेणारी गिटार) आणि तीन-चार आवाजांचं एकत्र गाणं बसवणाऱ्यांत अगदी पुढचे. तर आधी ईगल्सच्या १९७२ च्या पहिल्या अल्बममधलं ‘टेक इट ईझी’ ऐका आणि मागे लेडनचा बँजो येतो तो लक्षात ठेवा. हाच लेडन डिसेंबर १९७५ मध्ये बँड सोडून गेला, आणि त्याच्या जागी जो वॉल्श आला जो पक्का इलेक्ट्रिक गिटारवाला, जोरात वाजवणारा. म्हणजे ज्याच्यामुळे बँडमध्ये कंट्री होतं तो गेला आणि लगेच पुढचाच स्टुडिओ अल्बम त्यांचा सगळ्यात मोठा स्टुडिओ अल्बम झाला. बरेच लोक म्हणतात की इथे कंट्री संपलं. मला ते पटत नाही. ते आहे, फक्त आत गेलंय, आणि ते शोधत ऐकणं हीच या अल्बममधली खरी गंमत आहे.

चला, पहिली बाजू.

पहिल्या गाण्याची चाल बँडमधला दुसरा गिटारवाला डॉन फेल्डर याची. त्यानं मालिबूच्या समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या टेप मशीनवर बारा तारांच्या गिटारवर ती रेकॉर्ड केली होती, आणि बाकीचे आपसात तिला ‘मेक्सिकन रेगे’ म्हणायचे, रेगे म्हणजे जमैकाकडचं संगीत. का म्हणायचे ते ड्रम सुरू झाले की कळतं, ठेक्याचा जोर कुठे पडतोय बघा, साध्या रॉकसारखा सरळ चालत नाही, मागे रेंगाळतो. पहिल्या वेळी शब्दांकडे बघूच नका. जवळजवळ मिनिटभर नुसतं वाद्यसंगीत आहे, मग हेन्लीचा आवाज. तो ड्रम वाजवणारा माणूस आहे आणि तोच गातोय हे ध्यानात ठेवून ऐका.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो जी मला या गाण्यातली सगळ्यात सुंदर वाटते. गाणं बी मायनरमध्ये आहे म्हणजे पांढरी सातचा सा धरा. कडव्यात आठ कॉर्ड येतात, बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि परत एफ शार्प. आता प्रत्येक कॉर्डमधला फक्त एकेक सूर दाबत जा, सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. अर्ध्या-अर्ध्या सुरानं एकेक पायरी खाली. सहा कॉर्ड झाल्या की सातव्याला म, आणि आठव्या कॉर्डला शुद्ध नि येतो जो परत वर सा कडे ओढून नेतो आणि सगळं पुन्हा सुरू. गाण्यातला माणूस आत आत जात राहतो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो, बाहेर पडायला वाट नाही, हे शब्द न समजताही आपल्याला जाणवतं ते या उतरणीमुळे असं मला वाटतं. घरात पेटी असेल तर खरंच करून बघा, रेकॉर्डच्या सोबत वाजवा.

गिटारवाल्यांनो तुमच्यासाठी. मूळ साथीचा आवाज हवा असेल तर कॅपो सातव्या फ्रेटवर लावा आणि ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन असे आकार धरा. सूर बी मायनरचाच येतो पण तारा मोकळ्या वाजतात आणि तो चमचमता आवाज मिळतो जो बार कॉर्डनं कधीच मिळत नाही. नवीन शिकत असाल आणि इतक्या वर बोटं अडखळत असतील तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, आणि आकार ए मायनर, ई, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई. एफ तेवढा त्रास देईल. धृपदात कॉर्डचा क्रम बदलतो, तिथे बिनकॅपोच्या भाषेत जी, डी, एफ शार्प, बी मायनर आणि मग जी, डी, ई मायनर, एफ शार्प. सोलो वाजवायचा असेल तर कडव्याच्याच कॉर्ड आहेत, नवीन काही नाही, बी मायनरची नेहमीची स्केल घ्या आणि फक्त एफ शार्प आली की ए च्या जागी ए शार्प. या एका सुराची काळजी घेतली नाही तर कितीही वेगात वाजवा, सोलो बेसूरच लागणार.

आणि तो शेवटचा सोलो! साधारण चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास सुरू होतो. आधी फेल्डर, मग वॉल्श, मग दोघं आलटून पालटून, आणि शेवटी दोघं एकत्र, दोन गिटार दोन वेगळ्या सुरांत पण एकच आकृती. हेडफोनमध्ये एकाला धरून शेवटपर्यंत जा, मग परत लावून दुसऱ्याला धरा. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना फेल्डर नव्यानं काहीतरी वाजवायला लागला तर हेन्लीनं थांबवलं, म्हणाला डेमोत, म्हणजे मालिबूच्या त्या टेपवर, होतं अगदी तसंच पाहिजे. डेमोची टेप घरी. मग घरी काम करणाऱ्या बाईंना फोन करून ती टेप फोनवर वाजवायला लावली आणि ते ऐकून फेल्डरनं स्वतःचाच सोलो परत शिकून घेतला. निर्माता बिल सिमझिकनं सांगितलंय की या एका गाण्याच्या मास्टर टेपवर ३३ जोड आहेत, टेप कापून चिकटवलेले. कुठे ऐकू येतो का बघा, मला तर कधीच सापडला नाही.

अर्थाबद्दल एवढंच की सैतानाचं देऊळ, वेड्यांचं इस्पितळ असल्या गोष्टी विसरा, हेन्लीनं वर्षानुवर्षं सांगितलंय की हे अमेरिकेतल्या सुखाच्या हव्यासाबद्दल, त्या स्वप्नाच्या काळ्या बाजूबद्दल आहे. मेक्सिकोत तोदोस सांतोस गावात याच नावाचं हॉटेल आहे, त्याच्यावर बँडनं २०१७ मध्ये दावा लावला होता आणि २०१८ मध्ये ते मिटलं, तेव्हा ते हॉटेल म्हणजे गाण्यातलं हॉटेल नव्हे. कव्हरवरची इमारत बेव्हर्ली हिल्स हॉटेलची, सनसेट बुलेवार्डवर साठेक फूट उंच क्रेनवर चढून संध्याकाळच्या उजेडात फोटो काढलेला. ऐकताना कव्हर समोर ठेवा, त्या मावळतीच्या रंगाचा पुढे संबंध येणार आहे.

दुसरं, ‘न्यू किड इन टाउन’. लपलेलं कंट्री पहिल्यांदा इथे सापडतं. फ्राय गातोय, गीतकार जे. डी. साउदरनं सोबत लिहिलंय, आणि खाली बेसकडे कान द्या, माइझनरनं इथे गितारोन वाजवलंय, मेक्सिकन मारियाची वादकांकडे असतं ते मोठ्या पोटाचं वाद्य. मागचे आवाज कसे एकमेकांत बसतात ते ऐका, या गाण्याला आवाजांच्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं आणि ते अगदी योग्य होतं. वरवर गोड प्रेमगीत वाटतं पण बोलणं असं की आज तुला डोक्यावर घेतात, उद्या दुसरा येईल. एक नंबरला असलेल्या बँडनं हे गावं हे मला फार धाडसाचं वाटतं.

तिसरं ‘लाइफ इन द फास्ट लेन’. वॉल्श बोटं मोकळी करायला जी फ्रेज वाजवायचा तिचंच गाणं झालं. इथे आवाज वाढवा. शब्द मात्र एका जोडप्याच्या नासाडीचे आहेत, नाचायचं गाणं समजून सोडून देऊ नका.

चौथं ‘वेस्टेड टाइम’. पियानो, मग व्हायोलिनांचा ताफा, जिम एड नॉर्मनची योजना. हेन्लीचा आवाज या अल्बमभर चांगला आहे पण इथे तो सगळ्यात उघडा आहे. हे संपलं की थांबा. लगेच पुढे जाऊ नका.

दुसरी बाजू त्याच ‘वेस्टेड टाइम’च्या सुरांनी उघडते, दीड मिनिटाच्या आत, जवळजवळ नुसती तंतुवाद्यं. ॲपवर लोक हा तुकडा स्किप करतात. करू नका, कारण ही बाजू उलटल्यावर मागचा धागा परत हातात द्यायची सोय आहे, आणि त्याच्या मऊपणावरच ‘व्हिक्टिम ऑफ लव्ह’चा पहिला फटका बसतो. हे गाणं पाचही जणांनी स्टुडिओत एकत्र वाजवून घेतलंय, आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान की मूळ एलपीवर शेवटच्या रिकाम्या गोल पट्टीत, लेबलच्या अगदी जवळ, ‘व्ही.ओ.एल. इज फाइव्ह पीस लाइव्ह’ असं कोरलेलं आहे. जुनी अमेरिकन प्रत कुठे हाती लागली तर उजेडात तिरकी धरून बघा.

‘प्रिटी मेड्स ऑल इन अ रो’ वॉल्शचं. फास्ट लेनची ती धडाकेबाज गिटार वाजवणारा माणूस इथे इतका हळवा होतो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. समीक्षकांनी याला कायम मागच्या रांगेत बसवलं, पण २०२० मध्ये बॉब डिलननं एका मुलाखतीत आवडीच्या ईगल्सच्या गाण्यांत हे नाव घेतलं आणि ते सगळ्यात चांगल्या गाण्यांपैकी असू शकेल असंही म्हणाला, तेव्हा कुठे लोक परत वळले. घाई न करता ऐका.

‘ट्राय अँड लव्ह अगेन’ हे माइझनरचं. अल्बममध्ये त्यानं लिहून स्वतः गायलेलं हे एकच, आणि ईगल्ससोबतचा त्याचा हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. १९७७ मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी टिमथी बी. श्मिट आला, तोही पोकोमधूनच, तोही बेस वाजवणारा आणि उंच आवाजाचा. माझ्या मते जुने ईगल्स, तो १९७२ चा मोकळा बँड, या गाण्यात पूर्ण सापडतो. गिटारचा किणकिणता आवाज, वर चढत जाणारा गळा. कंट्री संपलं म्हणणाऱ्यांना मी हेच गाणं लावून देतो.

आता शेवटचं, ‘द लास्ट रिसॉर्ट’, जवळजवळ साडेसात मिनिटं. इथे पहिल्यांदाच शब्द समोर घ्या. आतापर्यंत घेतले नसतील तरी इथे घ्याच. पूर्व किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिडन्स गावातून निघालेली एक बाई पश्चिमेला जाते, आणि हळूहळू ती गोष्ट तिची राहतच नाही, अख्ख्या देशाची होते. आधीपासून राहणाऱ्या मूळ लोकांची जमीन, जमीन ओरबाडणारे पैसेवाले, धर्माच्या नावानं आलेले, उगवलेली कुरूप घरं, मग मालिबूचा किनारा, तिथे जमीन संपते म्हणून समुद्र ओलांडून हवाईतलं लहायना. एखाद्या जागेला स्वर्ग म्हणायला लागलं की तिथूनच तिची वाट लागते, असं हेन्ली गातो. १९७६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २०० वर्षं, सगळीकडे जल्लोष, आणि त्या वर्षी हे गाणं. तर पहिल्या गाण्यात जो वाळवंटातून येऊन त्या हॉटेलात अडकतो ना, तो कुठल्या प्रवासावरून आलाय ते इथे कळतं. आणि कव्हरवरचा सूर्य मावळतोय का, तेही.

संगीत बघा, फार कमी वाद्यांनी सुरू होऊन एकेक थर चढत जातो, आणि मागे पेडल स्टील रडतंय ते ऐका, कंट्री संगीताचं सगळ्यात ओळखीचं वाद्य, ते त्यांनी नेमकं या गाण्यासाठी राखून ठेवलंय. गाण्याचा सूर इतका हळू की शेजारच्या स्टुडिओतून ब्लॅक सबाथचा दणदणाट भिंतीतून झिरपून टेपवर यायचा आणि हे परत परत रेकॉर्ड करावं लागलं. शेवटचं वाद्य पूर्ण विरेपर्यंत हेडफोन काढू नका. आणि मग लगेच, त्याच बसणीत, पहिलं गाणं परत लावा, फक्त पहिलं. शब्द समोर ठेवून. आता ते वेगळं ऐकू येतं.

दुसऱ्यांदा अख्खा अल्बम ऐकाल तेव्हा फक्त मागचे आवाज धरा. मुख्य गायक कोण हे विसरून खालच्या-वरच्या ओळी गुणगुणून बघा, घरात दोघंतिघं असाल तर वाटून घ्या. तिसऱ्यांदा फक्त बेस. माइझनरचा बेस लोकांच्या लक्षात येत नाही कारण तो कुठेच पुढे पुढे करत नाही.

यानंतर काय, तर मागे जा. १९७३ चा ‘डेस्परॅडो’, मग १९७५ चा ‘वन ऑफ दीज नाइट्स’ ज्यात लेडन शेवटचा आहे. पुढचा १९७९ चा ‘द लाँग रन’ जरा थांबून ऐका, दमलेल्या माणसांचा अल्बम आहे आणि वर्षभरात बँड फुटला. त्यापेक्षा आधी फ्लाइंग बरीटो ब्रदर्सचा १९६९ चा पहिला अल्बम आणि पोकोचा १९६९ चा पहिला अल्बम ‘पिकिन अप द पीसेस’ ऐका, म्हणजे ही माणसं कुठल्या घरातून आली ते कळेल. आणि आता खुशाल ती १९९४ ची स्टुलावर बसलेली आवृत्ती लावा.